तीन मिनिटं न वितळणारी जेली

पदार्थ तोंडात ठेवायचा, चावायचा नाही, गिळायचा नाही, आणि चेहरा मात्र चारचौघांसारखा ठेवायचा, हे काम वाटतं तितकं सोपं नाही. पटत नसेल त्याने एखाद्या रविवारी भरदुपारी गच्च भरलेल्या चिनी हॉटेलात बसून करून बघावं. थेंबसाहेब तेच करत होते. जिभेवर लिचीच्या जेलीचा तुकडा, उजव्या हातात स्टॉपवॉच, समोर उघडी वही, आणि ओठ असे मिटलेले की जणू मिठाची गुळणी धरली आहे. एक मिनिट चाळीस सेकंद झाले होते. अजून एक मिनिट वीस सेकंद काढायचे होते.

थेंबसाहेब हे त्यांचं खरं नाव नव्हे. रंगाच्या कारखान्यात, तपासणी विभागात त्यांची चौतीस वर्षं गेली. तिथे तळाला भोक असलेली एक वाटी असते. ती रंगात बुडवायची, वर उचलायची आणि खालची धार तुटेपर्यंत किती सेकंद लागतात ते मोजायचं. रंग पातळ की घट्ट ते त्यावरून ठरतं. एकदा शेवटचा एक थेंब उशिरा पडला म्हणून साहेबांनी दोनशे डबे परत पाठवले. तेव्हा चिकटलेलं नाव निवृत्तीनंतरही सुटलं नाही, आणि त्यांनाही ते मनातून आवडायचं, फक्त तसं ते कधी कबूल करत नसत.

तर एक मिनिट चाळीस सेकंद. एवढ्यात बांबूच्या टोपल्यांची गाडी ढकलत वाढपी आला. अंगापिंडाने आडदांड आणि स्वभावाने भलताच प्रेमळ.

"काका, सगळं ठीक ना?"

साहेबांनी एक बोट वर केलं. म्हणजे, थांब.

"पाणी देऊ?"

साहेबांनी जोरजोरात मान हलवली. डोळे स्टॉपवॉचवर, गाल फुगलेले, चेहरा लाल. आता त्या वाढप्याचीही चूक नाही. आदल्याच आठवड्यात त्याने प्रथमोपचाराचं प्रशिक्षण घेतलं होतं आणि त्याचं प्रमाणपत्र गल्ल्याच्या मागे भिंतीवर टांगलेलं होतं. शिकलेली विद्या वापरायला मिळावी म्हणून माणूस किती आसुसलेला असतो! त्याने साहेबांना मागून मिठी मारली, उचललं, आणि पोटावर असा दणका दिला की जेली तोंडातून निघाली ती थेट शेजारच्या टेबलावरच्या आजोबांच्या चहात. सगळ्या हॉटेलाने टाळ्या वाजवल्या. आजोबांनी कपात वाकून बघितलं आणि चमच्याने ढवळलं.

साहेबांचा सदरा वर गेलेला, चष्मा एका कानावर, अब्रूचं तर विचारूच नका. पण माणूस शेवटी तपासणी विभागाचा. ते उठले, आजोबांची क्षमा मागितली आणि कपात डोकावले. जेली विरघळून गेली होती. त्यांनी वहीत लिहिलं, 'गरम चहात संपूर्ण नाहीशी. नापास.' आणि ते खुर्चीत मटकन बसले.

गल्ल्यावरच्या बाई लगबगीने आल्या. हॉटेल त्यांचंच. "काका, आमच्या जेलीत काही खोट आहे का?"

"खोट नाही हो," साहेब म्हणाले. "पण माझ्या बायकोच्या उपयोगाची नाही." आणि मग त्यांनी सगळंच सांगून टाकलं.

गोष्ट अशी होती. तीन महिन्यांपूर्वी, भरल्या दुपारी, चादरीच्या घड्या घालताघालता काकू खाली बसल्या त्या उठल्याच नाहीत. उजवी बाजू गेली. जीव वाचला, पण वाचा गेली आणि गिळणंही गेलं. हॉस्पिटलमध्ये नाकातून नळी घातली होती, पोटात जायचं ते तिच्यातून जायचं. डाव्या हाताने त्या पांढऱ्या पाटीवर वेडंवाकडं लिहीत, तेवढंच बोलणं. साहेब सकाळी दहाला जात आणि संध्याकाळी घरी येत. घर खायला उठायचं. सकाळी दोन कप काढायची सवय मोडत नव्हती.

गेल्या आठवड्यात गिळण्याचे व्यायाम करून घेणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "आता तोंडाने एक चमचा देऊन बघू या. गेला नीट, तर रोज एकेक वाढवू, पुढेमागे नळीही निघेल. नाही गेला, तर मात्र पोटाला भोक पाडून कायमची नळी बसवावी लागेल. मग तोंडाने खाणं विसरायचं." आणि काकूंना विचारलं, "काय खावंसं वाटतंय?"

काकूंनी पाटीवर लिहिलं, 'चिनी हॉटेल. जेली. मासा.'

साहेबांना वाटलं, बायको भ्रमली. मग आठवलं. मागच्या वर्षी दोघं या हॉटेलात आले होते. शेजारच्या टेबलावर लिचीच्या जेलीचा गुलाबी मासा आला, थुलथुल हलत. काकू बघतच राहिल्या. यांचा नंबर लागेपर्यंत मासे संपले. "पुढच्या वेळी आल्याआल्या जेलीच मागवू," काकू म्हणाल्या होत्या. पुढची वेळ आलीच नाही.

मॅडमच्या अटी तीन. जेलीत फळाचा तुकडा नको. ती हलक्या दाबाने मोडली पाहिजे. आणि तोंडाच्या उबेने तिचं पाणी होता कामा नये, कारण पाणी चुकून श्वासनळीत गेलं की न्यूमोनिया. "तीन मिनिटं तरी टिकायला हवी," मॅडम म्हणाल्या. घट्टपणा, वेळ, सेकंद! तीन महिने सगळे डॉक्टर साहेबांशी परक्या भाषेत बोलत होते, आज कुणीतरी त्यांच्या भाषेत बोललं. त्याच दिवशी त्यांनी कपाटातून जुनं स्टॉपवॉच काढलं.

हे सगळं ऐकून बाईंनी चष्मा काढून पुसला आणि आतून आचाऱ्याला बोलावलं. आचारी वयस्क, अबोल, कपाळाला कायमची आठी.

"जेली कशाने गोठवता?" साहेबांनी विचारलं.

"जिलेटिन. थोडं चायना ग्रास."

"जिलेटिन तोंडाच्या उबेने वितळतं. ते वगळून कराल? आणि लिचीचे तुकडे न घालता?"

आचाऱ्याने साहेबांकडे असं बघितलं, जणू यांनी त्याच्या मुलीचं नाव बदलायला सांगितलं. "नुसत्या चायना ग्रासची हलत नाही. हलत नाही ती जेली नाही. वीट." आणि तो आत निघून गेला.

झालं! तिथेच घोडं पेंड खायला लागलं. साहेब घरी आले ते चायना ग्रासची चार पाकिटं घेऊनच.

आता माणूस अडचणीत आला की शेजाऱ्यांच्या अंगात विद्वत्ता संचारते. समोरच्या निवृत्त मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, "जेली कसली घेऊन बसलात? मध चाटवा. माझ्या मावसबहिणीची वाचा मधाने परत आली." ही मावसबहीण मुळात मुकी होती की नुसती रुसली होती, ते शेवटपर्यंत कळलं नाही. खालचे वकील म्हणाले, "हॉटेलवाल्यांकडून आधी लेखी घ्या. उद्या काही झालं तर?" काही झालं तर काय, हे बोलून दाखवण्याची हिंमत वकिलांच्याही जिभेला झाली नाही. वरच्या मजल्यावरचा विमा एजंट म्हणाला, "काका, मन घट्ट करा." साहेब म्हणाले, "मन आहे तसंच राहू द्या. मला जेली घट्ट करायची आहे."

चार दिवस स्वयंपाकघरात पातेली उकळत होती. पहिली जेली इतकी घट्ट झाली की साच्यातून काढताना सुरी वाकली. दुसरी, एक तुकडा तपासून झाल्यावर, वाडग्यातून निसटली, ओट्यावरून घसरली आणि साहेब "अगं, अगं!" करत मागे धावेपर्यंत मोरीत गेली. "अगं" म्हटल्यावर ते जरा थांबले, कारण तीन महिन्यांत त्या घरात कुणी कुणाला अगं म्हटलं नव्हतं. मग फडकं घेऊन त्यांनी मोरी पुसली.

तिसरी बरी झाली. पण एकट्याच्या तोंडावर विश्वास ठेवायचा नाही, हा तपासणी विभागाचा नियम. साहेबांनी शेजाऱ्यांना बोलावलं, प्रत्येकाच्या जिभेवर एकेक तुकडा ठेवला आणि स्टॉपवॉच दाबलं. मुख्याध्यापिकाबाई, विमा एजंट आणि वकील, तिघंही तोंड मिटून बसले. त्या इमारतीत इतकी शांत सभा कधी झाली नव्हती. पन्नासाव्या सेकंदाला वकिलांच्या गळ्याची घाटी हलली.

"गिळलीत!" साहेब ओरडले.

"मी गिळली नाही," वकील म्हणाले. "ती आपोआप गेली."

"आपोआप?"

"अहो, गिळायला काय लागतं? तोंडात काही असलं की जातंच ना खाली."

साहेबांची नजर स्टॉपवॉचवरून खाली गेली. बाकीचे दोघंही तोंडात जेली धरून खाली बघत राहिले. वकिलांना आपण काय बोलून गेलो ते उशिरा उमगलं, आणि ते बिचारे पाणी पिण्याच्या निमित्ताने उठून गेले.

तिकडे हॉस्पिटलचा अर्ज वाट बघत होता. 'बाहेरील खाद्यपदार्थ आत आणण्याबाबत', तीन प्रतींत. त्यात एक रकाना होता, 'पदार्थाचे स्वरूप: घन / द्रव', आणि पुढे दोन चौकटी.

"एकावर खूण करा," खिडकीतला कारकून म्हणाला.

"जेली दोन्हींच्या मधे येते."

"मधे चौकट नाही."

"मग घनावर करतो."

"नळीच्या पेशंटला घन पदार्थ चालत नाही. अर्ज नामंजूर होईल."

"बरं, द्रवावर."

"द्रव बाहेरून आणता येत नाही."

साहेबांनी खिडकीच्या फळीवर डोकं टेकलं. चौतीस वर्षं त्यांनी घन आणि द्रव यांच्या मधल्याच वस्तू मोजल्या होत्या. या दोन चौकटींच्या मधे अख्खं जग आहे, हे या माणसाला कुठल्या शब्दांत सांगावं? तेवढ्यात आहारतज्ज्ञ बाई तिथून चालल्या होत्या. त्यांनी अर्ज बघितला, पेनाने तिसरी चौकट काढली, तिच्यावर खूण केली आणि खाली सही ठोकली. देव माणसाच्या रूपात येतो म्हणतात, तो दिवसाकाठी एखाद्या वेळी सरकारी वेळेतही येतो.

"आता पदार्थ बनवणाऱ्याची सही आणा. घरची चालत नाही, हॉटेलाची लागते," कारकून म्हणाला. तेवढं बोलल्याशिवाय त्याला जेवण गेलं नसतं.

म्हणून पुढच्या रविवारी साहेब आपली तिसरी जेली डब्यात घालून पुन्हा त्या हॉटेलात गेले. वाढपी दुरून दिसताच त्यांनी दोन्ही हात वर केले. "अरे बाबा, मी ठणठणीत आहे!" वाढप्याने लाजून स्वतःच खुर्ची ओढून दिली.

आचारी बाहेर आला. साहेबांनी डबा उघडला. आचाऱ्याने चमच्याचं टोक लावलं, जरासं चाखलं, आणि कपाळाच्या एका आठीच्या तीन झाल्या.

"हे तुम्ही केलं?"

"हो. तीन मिनिटं दहा सेकंद टिकते."

"हे तुम्ही बायकोला देणार? तीन महिन्यांनी पहिला घास, आणि हे? खोडरबर?"

साहेबांचा स्वाभिमान भलताच दुखावला. रंगाच्या कारखान्यात त्यांच्या कामावर कुणी बोट ठेवलं नव्हतं. ते काहीतरी खरमरीत बोलणार होते, पण आचारी कधीच आत गेला होता. पाच मिनिटांनी त्याने कागदाचा कपटा आणून दिला. त्यावर साहेबांना न लागणाऱ्या त्याच्या अक्षरात काहीतरी होतं आणि खाली सही.

"काय लिहिलंय?" साहेबांनी बाईंना विचारलं.

"लिहिलंय की सोमवारी हॉटेल बंद असतं, पण तो येणार आहे. तुम्हीही यायचं. घड्याळ घेऊन."

त्यानंतरचे तीन सोमवार साहेब बंद हॉटेलाच्या स्वयंपाकघरात होते. आचारी करायचा, साहेब मोजायचे. एक जेली दीड मिनिटात वितळली. एक फुटली. एक टिकली पण तुकडातुकडा झाली. आचारी दर वेळी पातेलं धुवायचा आणि पुन्हा मांडायचा. घरच्या धरून एकूण एकोणीस जेल्या साहेबांच्या जिभेवर बसून गेल्या. वहीची अकरा पानं भरली. वेळ, तापमान, चमचा तिरपा केल्यावर घसरण, काट्याने दाबल्यावर फुटणं, सगळं. एकोणिसावी तीन मिनिटं चाळीस सेकंद टिकली, काट्याने हळूच मोडली, आणि ताटलीत हललीही. थोडीशीच, पण हलली. आचाऱ्याने पहिल्यांदा साहेबांच्या खांद्यावर हात ठेवला. दोघं म्हातारे त्या माशाकडे बघत उभे होते.

कारकुनाने सहीचा कागद उलटसुलट केला. "ही सही वाचता येत नाही."

"कुणाची सही वाचता येते हो?" साहेब म्हणाले.

कारकुनाने स्वतःच्या सहीकडे एक नजर टाकली आणि शिक्का मारला.

चौथ्या सोमवारी सकाळी आचाऱ्याने तसाच ताजा मासा केला. बर्फाच्या डब्यातून, मांडीवर घेऊन, साहेब तो हॉस्पिटलात घेऊन गेले. काकूंना उशा लावून ताठ बसवलं होतं. केस विंचरलेले, बोटाला प्राणवायू मोजायचा चिमटा. साहेबांनी मासा ताटलीत काढला आणि पलंगाच्या टेबलावर ठेवला. काकूंनी तो बघितला, आणि त्यांच्या तोंडाची डावी बाजू हसली. साहेबांना वाटलं, एवढ्यासाठी आपण शंभर जेल्याही जिभेवर धरल्या असत्या.

मॅडमनी शेपटीकडचा इवलासा तुकडा चमच्यात घेतला. "सावकाश. जिभेवर राहू द्या. मी सांगेन तेव्हा गिळा."

साहेबांनी सवयीने स्टॉपवॉच दाबलं.

मॅडमनी काकूंच्या गळ्यावर दोन बोटं ठेवली. "आता."

घाटी हलली नाही. पुन्हा, "आता." जरा हलली, अर्ध्यात थांबली. आणि मग काकूंना ठसका लागला. तो ठसका नव्हता, आतून कुणीतरी दारावर धडका देत होतं. चेहरा काळानिळा, चिमट्याचा आकडा शहाण्णववरून सत्त्याऐंशीवर, मशीन ओरडायला लागलं. मॅडमनी त्यांना पुढे वाकवलं, नर्सने नळीने घसा साफ केला. त्या नळीतून जेलीचा तो तुकडा अख्खाच्या अख्खा बाहेर आला. वितळलेला नव्हता.

स्टॉपवॉच साहेबांच्या हातात चालूच होतं. बंद करायचं भानच राहिलं नाही.

मॅडम त्यांना बाहेर घेऊन गेल्या. "जेली अगदी बरोबर होती हो. मी इतकी नेमकी कधी बघितली नाही. पण गळा तयार नाही. चार महिन्यांनंतरही नसेल, तर... आता पोटातल्या नळीचं बघू या. परवा ऑपरेशन."

"म्हणजे तोंडाने?"

मॅडमनी नुसती मान हलवली.

चौतीस वर्षांत साहेबांनी असा निकाल कधी दिला नव्हता, ऐकलाही नव्हता. माल चांगला आहे आणि तरी काम होणार नाही. माल खराब असला तर परत पाठवता येतो, दुसरा करता येतो. आता परत काय पाठवायचं? ते भिंतीला टेकून उभे राहिले आणि त्यांना रडू आलं, चांगलं मोठ्याने आलं. जाणारेयेणारे बघत होते, बघोत.

तोंड धुऊन ते आत गेले. काकूंचा श्वास आता शांत झाला होता, डोळ्यांच्या कडा अजून ओल्या होत्या. टेबलावर शेपटी तुटलेला मासा तसाच होता. साहेब तो उचलायला गेले, तशी काकूंनी डाव्या हाताने ताटली धरली आणि पाटी ओढली.

'कशी लागते?'

साहेबांनी घाईघाईने वही उघडली. "सांगतो ना. ही एकोणिसावीच्या कृतीने केलेली. तीन मिनिटं चाळीस सेकंद, काट्याखाली..."

काकूंनी मान हलवली. आधीचं पुसलं आणि लिहिलं, 'चव.'

साहेबांनी पान उलटलं. मग दुसरं. अकराही पानं त्यांनी चाळली. एकोणीस जेल्या तोंडात धरल्या होत्या, आणि चव कुठेच लिहिलेली नव्हती. आठवून बघितलं, तर आठवेना. आठवत होते ते फक्त सेकंद.

"मला माहीत नाही गं," ते म्हणाले. "मी बघितलीच नाही."

काकू त्यांच्याकडे बघत राहिल्या. साहेबांना वाटलं, आता ही रागावणार, आणि रागवायलाच हवं. पण काकूंनी चमचा त्यांच्याकडे सरकवला. 'खा.'

"तुझ्यापुढे? नाही हं. ते माझ्याने व्हायचं नाही."

'खा' या अक्षराखाली काकूंनी दोन रेघा ओढल्या. लग्नाला बेचाळीस वर्षं झाली होती. दोन रेघांपुढे साहेबांचं कधी चाललं नव्हतं.

त्यांनी चमचा भरून तोंडात घातला. डोळे मिटले. "गार आहे," ते म्हणाले. "आधी नुसतंच गार. मग गोड, पण साखरेसारखं धावून येत नाही. उशिरा येतं. आणि गिळल्यावर नाकात वास राहतो, फुलासारखा. कुठलं फूल ते मला सांगता येत नाही." त्यांनी दुसरा चमचा घेतला. "जीभ लावली की पळते. वीट नाही हं, आचारी उगाच घाबरत होता. आणि मागून किंचित... तू नुकते केस धुतलेस आणि जवळून गेलीस की जसं वाटतं ना, तसं." बेचाळीस वर्षांत त्यांनी असलं काही तोंडातून काढलं नव्हतं. कानापर्यंत लाल होऊन त्यांनी तिसरा चमचा भरला, मग चौथा, आणि दोन्हींचं मिळून एकदमच सांगायला लागले.

काकू डोळे मिटून ऐकत होत्या. डोळे न उघडताच त्यांनी पाटी चाचपली आणि ओळ सोडून तिरकं लिहिलं, 'सावकाश.'

साहेबांनी पुढच्या चमच्यातली अर्धी जेली परत ताटलीत सोडली, उरलेली तोंडात घेतली, आणि पहिल्यापासून सांगायला लागले.